जिल्ह्याचा आकडा किती खरा? मोजमापातल्या चुका सरासरीत खरंच विरून जातात का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे जिल्हा परिषदेत महिला व बालकल्याणाचा डेटा पाहतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या (एनएफएचएस) दोन फेऱ्यांमध्ये त्यांच्या जिल्ह्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांमधला खुजेपणा ३३ टक्क्यांवरून ३८ वर गेलेला दिसतो. वरिष्ठ विचारतायत की वाढला कसा. अंगणवाड्यांची मासिक नोंद मात्र याच्या बरीच खाली आहे. सहकाऱ्याचं म्हणणं असं की एखाद्या मुलाची उंची मोजताना चूक झाली तरी शेकडो मुलांच्या सरासरीत ती उडून जाते, त्यामुळे मोजमापाच्या दर्जाची चिंता नको, आकडा आहे तसा घ्या. हे बरोबर आहे का?

बरोबर नाही, आणि ते का नाही हे नीट समजून घेणं गरजेचं आहे. बहुतेक जिल्हा-बैठका याच एका गैरसमजावर चालतात.

चूक सरासरीत उडते ती फक्त एका परिस्थितीत. ती दोन्ही बाजूंना सारखी जाणारी हवी, एका मुलाच्या चुकीचा दुसऱ्याच्या चुकीशी संबंध नको, आणि आपण पाहतोय तो आकडा खरोखर सरासरी हवा. खुजेपणाची टक्केवारी ही सरासरी नाही. वयाच्या मानाने उंचीचा झेड-स्कोअर उणे दोनच्या खाली असलेली मुलं किती, याची ती मोजदाद आहे. झेड-स्कोअर म्हणजे त्या वयाच्या निरोगी मुलांच्या सरासरीपासून मूल किती प्रमाण विचलनं दूर आहे ते, आणि प्रमाण विचलन म्हणजे आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप. रेषा आखून तिच्या पलीकडची मुलं मोजायची असली की दोन्ही बाजूंना सारखी जाणारी चूकही आकडा फुगवते.

हे आकड्यांत पाहा. समजा जिल्ह्यातल्या मुलांचा खरा सरासरी झेड-स्कोअर उणे १.५ आणि प्रमाण विचलन १ आहे. मग उणे दोनच्या खाली ३१ टक्के मुलं येतात आणि उणे तीनच्या खाली, म्हणजे तीव्र खुजेपणात, सुमारे ६.७ टक्के. आता मोजमापात ०.७ झेड इतकी निव्वळ इकडेतिकडे जाणारी चूक मिसळा. दोन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत उंची आणि वय दोन्हींची चूक मिळून ही साधारण दोन सेंटीमीटर होते, आणि घाईत केलेल्या कामात ती सहज होते. सरासरी जागची हलत नाही, पण प्रमाण विचलन १.२२ होतं. खुजेपणा ३४ टक्के दिसतो आणि तीव्र खुजेपणा ११ टक्के. एकही मूल खुजं झालेलं नसताना तीव्र गटात दीडपटीहून जास्त मुलं आली.

लुकडेपणात, म्हणजे उंचीच्या मानाने वजनात, याचा तडाखा जास्त बसतो, कारण रेषा मुलांच्या गर्दीपासून लांब असते. सरासरी उणे ०.८ धरा. चूक नसेल तर उणे तीनच्या खाली, म्हणजे ज्याला आपण सॅम (अतितीव्र कुपोषण) म्हणतो त्यात, १.४ टक्के मुलं. तेवढीच ०.७ ची चूक मिसळली की ३.६ टक्के. अडीचपट! कुपोषित मुलांना गावातच आहार-उपचार देणाऱ्या ग्राम बाल विकास केंद्रासाठी किती मुलांची तरतूद करायची, हे या आकड्यावर ठरतं.

म्हणून झेड-स्कोअरची फाइल हातात आली की मी टक्केवारीआधी प्रमाण विचलन पाहतो. जागतिक आरोग्य संघटनेची २००६ ची वाढ-मानकं ज्या मुलांवर बेतली आहेत, त्यांचं विचलन व्याख्येनेच १ आहे. जिल्ह्यातली मुलं एकमेकांहून जरा जास्त वेगळी असू शकतात, हे मान्य. पण १.२ च्या बरंच पुढे गेलं की त्यातला काही भाग मुलांचा नसून मोजणाऱ्यांचा आहे, असं धरून चालावं. १.५ दिसलं तर त्या फाइलवरून मी टक्केवारी काढत नाही.

आता एकाच बाजूला झुकणारी चूक. ही तर साध्या सरासरीतही उडत नाही. सॅम्पल दहापट करा, ती तशीच राहते. अंगणवाडीतलंच उदाहरण घेऊ. दोन वर्षांखालचं मूल झोपवून इन्फंटोमीटरवर मोजायचं असतं. एकाने डोकं वरच्या फळीला टेकवून धरायचं, मुलाची नजर सरळ छताकडे. दुसऱ्याने एका हाताने दोन्ही गुडघे दाबून धरायचे आणि दुसऱ्या हाताने खालची फळी टाचांना भिडवायची. मूल रडतं, पाय आखडतं, आई म्हणते पुरे आता. गुडघा जरासा वाकलेला असतानाच वाचन घेतलं की लांबी कमी येते. ती कधीच जास्त येत नाही. तेच मूल झोपवण्याऐवजी उभं करून मोजलं तर साधारण ०.७ सेंटीमीटरने कमी भरतं. केसांची गाठ किंवा टोपी काढायची राहिली तर जास्त भरतं, पण माझ्या पाहण्यात बहुतेक चुका कमीच्या बाजूला जातात. आणि हे काम दोघांचं आहे. सेविका एकटी असेल, मदतनीस खिचडीवर असेल, तर ते नीट होणं शक्यच नाही. दोष सेविकेला देऊन हा प्रश्न सुटत नाही.

एक सेंटीमीटर म्हणजे किती, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. दोन वर्षांच्या वयाला उंचीचं प्रमाण विचलन जेमतेम तीन सेंटीमीटर असतं. म्हणजे एक सेंटीमीटर हा झेड-स्कोअरचा एक तृतीयांश झाला. सगळी मुलं एक सेंटीमीटरने कमी मोजली गेली तर वरच्या उदाहरणातला ३१ टक्के खुजेपणा ४३ टक्के होतो. आणि वयातला एक महिना म्हणजे उंचीतला जवळपास एक सेंटीमीटरच, कारण या वयात मूल महिन्याला साधारण तेवढंच वाढतं. जन्मतारीख नसताना आई "दोन वर्षांचा झाला" म्हणाली आणि आपण २४ महिने लिहिले, पण मूल २२ महिन्यांचं निघालं, तर उंची अचूक मोजूनही ते अर्ध्या झेडहून जास्त खाली जातं. महाराष्ट्रात १ जून ही जन्मतारीख असलेली एक अख्खी पिढी आहे, शाळेत नाव घालताना मिळालेली. आताच्या लहान मुलांचे दाखले असतात, त्यामुळे परिस्थिती पुष्कळ सुधारली आहे. तरी वयांची वारंवारिता काढून पाहाच. १२, २४, ३६ महिन्यांवर उंचवटे दिसले तर समजावं की वय विचारलेलं आहे, दाखल्यावरून काढलेलं नाही. तसंच उंचीच्या दशांशातल्या अंकाचं. शून्य आणि पाच मिळून २० टक्के यायला हवेत. ४० च्या वर गेले तर वाचन अंदाजाने पुरं केलेलं आहे.

एकाच बाजूला झुकणाऱ्या चुकीचा धडा आपल्याकडे फार जुना आहे, आणि तो शेतात शिकला गेला. पीक कापणी प्रयोगात, म्हणजे शेताचा एक तुकडा कापून उत्पादनाचा अंदाज काढताना, लहान तुकडा आखला की कडेवरचं रोप आत धरायचं की बाहेर, यात हात नकळत आतल्या बाजूला झुकतो आणि उत्पादन जास्त दिसतं. तुकडा जितका लहान, तितकी क्षेत्रफळाच्या मानाने कड जास्त, म्हणून फुगवटाही जास्त. सातारा जिल्ह्यातल्या बुधचे संख्याशास्त्रज्ञ पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी हे दाखवून दिलं, आणि लहान तुकड्यांच्या बाजूने असलेले दुसरे संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्याशी त्यांचा दीर्घ वाद झाला. लहान तुकडे कितीही वाढवा, कडेची चूक तिथेच राहते, हा सुखात्म्यांचा मुद्दा मला आजही प्रत्येक सर्वेक्षणात उपयोगी पडतो.

महालनोबिसांनी मात्र दुसरी एक गोष्ट दिली, आणि माझ्या मते समूहाच्या आकड्यांसाठी तिच्याइतकं मोलाचं साधन नाही. १९३० च्या दशकात बंगालच्या ताग सर्वेक्षणात त्यांनी एकाच भागाचं सॅम्पल एकमेकांत गुंफलेल्या स्वतंत्र उप-सॅम्पलांत वाटलं आणि प्रत्येकावर वेगळे अन्वेषक पाठवले. एकाच भागाचे दोन आकडे शेजारी ठेवले की त्यांच्यातल्या फरकात निवडीतला योगायोगही दिसतो आणि माणसामाणसांच्या मोजण्यातला फरकही. नेहमीच्या सूत्राने काढलेल्या प्रमाण त्रुटीत, म्हणजे सॅम्पलमुळे आकडा किती हलू शकतो त्याच्या मापात, हा दुसरा भाग पूर्णपणे येत नाही.

तो भाग मोठा असतो. समजा प्रत्येक पथकाचा स्वतःचा असा कल आहे, कुणी गुडघा नीट दाबतं, कुणी नाही, आणि या कलांचं विचलन ०.२ झेड आहे. जिल्ह्यात दोनच पथकांनी सगळी मुलं मोजली तर जिल्ह्याच्या सरासरीत ०.१४ झेडची चूक येते, मग मुलं ६०० असोत की ६,०००. ६०० मुलांच्या सॅम्पलिंगची त्रुटी मात्र ०.०५ ते ०.०६ च असते. अहवालात छापली जाते ती दुसरी. पहिली तिच्या दुपटीहून मोठी आहे आणि कुठेच छापलेली नसते. पुढच्या फेरीत पथकं बदलली की त्यांचा कलही बदलतो, आणि तो फरक आपण जिल्ह्याची प्रगती किंवा अधोगती म्हणून वाचतो.

आता तुमच्या ३३ आणि ३८ कडे येतो. एनएफएचएसची पाचवी फेरी मुंबईतल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने (आयआयपीएस) ७०७ जिल्ह्यांत सुमारे ६.३७ लाख कुटुंबांत केली. म्हणजे जिल्ह्यामागे साधारण ९०० कुटुंबं. त्यांतली मोजलेली पाच वर्षांखालची मुलं काहीशेच भरतात. ३०० धरा. ३५ टक्क्यांच्या आसपासच्या प्रमाणाला, गावांच्या पुंजक्यांमुळे वाढणारी त्रुटी धरून, प्रमाण त्रुटी सुमारे ३.४ अंश (टक्केवारीतले गुण) येते. म्हणजे एका फेरीचा आकडा साधारण साडेसहा अंश इकडे किंवा तिकडे असू शकतो, आणि दोन फेऱ्यांमधला फरक नऊ अंशांहून थोडा जास्तच. पथकांचा कल यात धरलेलाच नाही. तुमची पाच अंशांची वाढ या मर्यादेत पूर्ण मावते. "खुजेपणा वाढला" असं म्हणायला या दोन आकड्यांत आधार नाही. तो वाढला नाही, असंही त्यावरून म्हणता येत नाही. तुमच्या जिल्ह्यात मोजलेली मुलं नेमकी किती, ते शोधून वरचं गणित पुन्हा करा. फॅक्टशीटमध्ये २५ ते ४९ नोंदींवरचे आकडे कंसात दिलेले असतात आणि २५ हून कमी नोंदी असतील तर आकड्याच्या जागी तारांकन असतं. बैठकीच्या स्लाइडवर येईपर्यंत हे कंस बहुधा गळून पडलेले असतात.

आणखी एक गोष्ट आधीच तपासा: दोन्ही वेळचा जिल्हा तोच आहे का? चौथी फेरी २०११ च्या जनगणनेतल्या ६४० जिल्ह्यांवर होती. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, पण त्या फेरीत तो ठाण्यातच मोजला गेला. पाचव्या फेरीत तो स्वतंत्र आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी बाहेर गेल्यावर ठाण्याचा आकडा सुधारलेला दिसणारच. मुलं तीच, फक्त सीमा हलली.

विश्वासार्हता हा शब्द आपण आकड्याला चिकटवतो, जणू तो त्याचा अंगभूत गुण आहे. तसं नसतं. तो आकडा कशासाठी वापरला जातोय, यावर ती ठरते. गणिताने पाहू. राज्यातल्या जिल्ह्यांमधल्या खऱ्या खुजेपणाचं विचलन ५ अंश धरा आणि प्रत्येक जिल्ह्याची त्रुटी ३.४. जिल्ह्याजिल्ह्यांत दिसणाऱ्या एकूण फरकातला खरा वाटा २५ भागिले ३६.६, म्हणजे ०.६८. कुठला जिल्हा साधारण वर, कुठला खाली, हे सांगायला तेवढं पुरतं. आता त्याच आकड्यांवरून बदल मोजा. चार-पाच वर्षांत जिल्ह्यांचा खरा बदल एकमेकांपासून २ अंशांच्या विचलनाने वेगळा असेल, पण त्रुटी दोन्ही फेऱ्यांची मिळून येते. ४ भागिले २७.१, म्हणजे ०.१५. तेच सर्वेक्षण, तीच मुलं, तेच काटे. पातळीची तुलना बऱ्यापैकी विश्वासार्ह, बदलाची तुलना जवळपास चिठ्ठ्या काढल्यासारखी. २ अंश हे मी गृहीत धरलंय, तुम्ही ३ धरून पाहा, तरी ०.२८ च्या वर जात नाही.

म्हणून सुधारणेवरून जिल्ह्यांची क्रमवारी लावणाऱ्या कुठल्याही योजनेकडे मी काळजीने पाहतो. मागास जिल्ह्यांसाठी जानेवारी २०१८ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या आकांक्षित जिल्हा कार्यक्रमात महाराष्ट्रातले नंदुरबार, गडचिरोली, वाशीम आणि तेव्हाचा उस्मानाबाद हे जिल्हे होते, आणि त्यातली डेल्टा क्रमवारी बदलावरच आधारलेली आहे. मागे पडलेल्या जिल्ह्याला त्याच्या वाढीचं श्रेय मिळावं, हा हेतू चांगलाच आहे. पण पोषणासारख्या संथ निर्देशकात महिन्या-महिन्याच्या बदलात कामाचा वाटा थोडा आणि गोंगाट जास्त असतो. प्रामाणिकपणे राबलेला जिल्हा खाली आणि काहीच न केलेला वर, असं होतं, आणि त्याने माणसं खचतात.

अंगणवाडीच्या पातळीवर तर हे अगदी उघड दिसतं. ४० मुलांची अंगणवाडी, आणि सगळीकडे खरं प्रमाण सारखंच १० टक्के. २,००० अंगणवाड्या असतील तर सुमारे ३० ठिकाणी निव्वळ योगायोगाने एकही मूल सापडणार नाही, आणि ८० हून जास्त ठिकाणी ते प्रमाण २० टक्के किंवा त्याहून अधिक दिसेल. पहिल्यांचा सत्कार होतो, दुसऱ्यांना नोटीस जाते. पुढच्या वर्षी नोटिशी गेलेल्यांपैकी बहुतेक आपोआप १० च्या आसपास येतात आणि नोटिशीचा उपयोग झाला असा समज पक्का होतो. अशा लहान समूहांचा एका वर्षाचा आकडा एकटा वाचूच नये. तीन वर्षांच्या नोंदी एकत्र करा, किंवा अंगणवाडीचा आकडा तालुक्याच्या सरासरीकडे ओढा: जितकी मुलं कमी, तितकं जास्त. मुलाला उपचार द्यायचा की नाही हा प्रश्न वेगळा. तिथे ते एक मूल पुन्हा मोजायचं आणि द्यायचा.

तुमच्या मासिक नोंदीचा आकडा एनएफएचएसपेक्षा कमी का, याचं उत्तर सॅम्पलिंगमध्ये नाही. अंगणवाडीत सगळी नोंदलेली मुलं मोजली जातात, त्यामुळे तिथे निवडीची चूक नाही. पण ज्या आकड्यावरून मोजणाऱ्याचंच काम जोखलं जातं, तो आकडा कधीच तटस्थ राहत नाही. शिवाय त्या दिवशी न आलेली मुलं, स्थलांतर केलेल्या ऊसतोड आणि वीटभट्टी कुटुंबांची मुलं सुटतात, आणि तीच बहुधा जास्त कुपोषित असतात. सगळ्यांची मोजणी केली म्हणून आकडा खरा, असं होत नाही.

साधन बदललं की समूहाचा आकडा कसा हलतो, याचं मोठं उदाहरण ॲनिमियाचं. चौथ्या फेरीत ६ ते ५९ महिन्यांच्या मुलांमध्ये तो ५८.६ टक्के होता, पाचव्यात ६७.१. दोन्हीकडे बोटाच्या थेंबावरची तपासणी. याच दरम्यान २०१६ ते २०१८ मध्ये झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणाने शिरेतलं रक्त प्रयोगशाळेत तपासलं, तर १ ते ४ वर्षांच्या मुलांमध्ये तो सुमारे ४१ टक्के निघाला. वयोगट थोडा वेगळा आहे, पण एवढा फरक वयाने पडत नाही. बोट दाबून थेंब काढला की त्यात ऊतींमधला द्रव मिसळतो. प्रत्येक मुलामागे फरक थोडा, पण रेषेच्या आजूबाजूला लाखो मुलं उभी असतात.

याचा अर्थ कुपोषण हा मोजमापाचा भास आहे, असं कुणी काढू नये. १९७१ च्या, दारिद्र्यावरच्या दांडेकर-रथ अभ्यासात माणशी रोज २,२५० कॅलरींची रेषा धरली होती. पुढे सुखात्म्यांनी मांडलं की माणसाची गरज आणि आहार माणसागणिक आणि दिवसागणिक बदलतो, त्यामुळे सरासरी रेषेखालच्या सगळ्यांना कुपोषित धरलं की प्रमाण फुगतं. वि. म. दांडेकरांनी त्यांना कडाडून विरोध केला. संख्याशास्त्र म्हणून सुखात्म्यांचा मुद्दा मला पटतो. पण चूक आहे हे कळल्यावर ती मोजायची असते, तिच्या आड उपाशी मूल लपवायचं नसतं. एनएफएचएसमध्ये महाराष्ट्राचा खुजेपणा चौथ्या फेरीत ३४.४ आणि पाचव्यात ३५.२ टक्के आहे. यातला ०.८ चा फरक काहीच सांगत नाही. दोन्ही आकडे तिशीच्या वर आहेत, आणि खुजेपणा मोठ्या प्रमाणावर आहे, हे मात्र मोजमापाच्या चुकीने पुसलं जाणार नाही.

तेव्हा वरिष्ठांना द्यायच्या टिपणात दोन्ही फेऱ्यांचे आकडे त्यांच्या मर्यादांसह द्या, मोजलेल्या मुलांची संख्या द्या आणि "बदल झाला की नाही हे या दोन आकड्यांवरून ठरत नाही" हे वाक्य स्पष्ट लिहा. सोबत एक मागणी जोडा. पुढच्या वजन-उंची मोहिमेत प्रत्येक बालविकास प्रकल्पातून चिठ्ठ्या काढून पाच टक्के मुलं त्याच आठवड्यात दुसऱ्या पथकाकडून पुन्हा मोजून घ्या, पहिली नोंद त्यांना न दाखवता. दोन मोजमापांतल्या फरकाचं प्रमाण विचलन काढून १.४ ने भागलं की एका मोजमापाची चूक मिळते. फरकाची सरासरी शून्यापासून लांब असेल तर पथकांचा कल वेगळा आहे. पण दोन्ही पथकं एकसारखीच गुडघा सोडत असतील तर हे त्यात दिसणार नाही, म्हणून त्यातली काही मुलं प्रशिक्षित मोजणाऱ्याकडून तिसऱ्यांदा मोजून घ्या. याला दोन-तीन दिवस आणि एक गाडी लागते. निकाल आला की टक्केवारीच्या शेजारच्या रकान्यात तो छापा, दर वर्षी, त्याच जागी.